राजीखुशीने

हक्कसोडपत्राच्या शेवटी एक वाक्य ठरलेलं असतं. लिहून देणार हा दस्त राजीखुशीने, अक्कलहुशारीने, कोणाच्याही दडपणाला बळी न पडता, नशापाणी न करता लिहून देत आहेत. सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी वकिली करते, आणि हे वाक्य मी असं मुद्दाम कधी लिहिलेलं नाही. जुना मसुदा उघडायचा, नावं, गट नंबर, क्षेत्र, चतुःसीमा बदलायच्या. वाक्य आपलं तिथेच असतं. लिहून देणार बहुतेक वेळा बहिणी, लिहून घेणार भाऊ, मोबदला निरंक.

असे दस्त मी पुष्कळ केले. त्यातले दोन माझ्या घरचे आहेत. एकात लिहून देणार मी आहे. दुसऱ्यात लिहून घेणार माझा नवरा, लिहून देणार माझ्या दोघी नणंदा, आणि मसुदा माझ्या हातचा. या दोन कागदांचा हिशेब एकदा स्वतःशी करायचा म्हणून बसले आहे. वकिलाला मन तपासायचं झालं तरी कायद्याचीच पुस्तकं आधी आठवतात, त्याला इलाज नाही.

विधिशास्त्राच्या पेपरात ऑस्टिनवर हमखास प्रश्न यायचा. कायदा म्हणजे सार्वभौमाची आज्ञा, आणि आज्ञेमागे शिक्षेचा धाक. सार्वभौम कोण? ज्याचं बहुसंख्य लोक सवयीने ऐकतात आणि जो स्वतः सवयीने कोणाचंच ऐकत नाही, तो. एवढं लिहिलं की निम्मे मार्क पदरात. जॉन ऑस्टिनने हे लंडनच्या नव्या विद्यापीठात शिकवलं आणि १८३२ साली पुस्तकरूपाने छापलं. वर्गाला विद्यार्थी मिळेनात म्हणून त्याने शिकवणं सोडलं. १८५९ मध्ये तो गेल्यावर त्याची समग्र व्याख्यानं टिपणांवरून जुळवून छापली ती त्याच्या बायकोने. सारा ऑस्टिन जर्मनमधून भाषांतरं करायची आणि घरखर्चाला त्या पैशाचा मोठा आधार होता. त्या काळच्या इंग्लंडच्या कायद्याने मात्र लग्न झालेल्या बाईची कमाई नवऱ्याची. त्यात पहिला बदल झाला १८७० मध्ये, सारा गेल्यानंतर. कायदा म्हणजे आज्ञा हा सिद्धांत ज्या बाईमुळे जगभरच्या वर्गांत पोहोचला, तिचा नवरा असेपर्यंत स्वतःच्या मानधनावर कायद्याने हक्क नव्हता. ही गोष्ट आम्हाला कोणी शिकवली नाही. शिकवली असती तर मी ऑस्टिन जरा निराळ्या नजरेने वाचला असता.

पण तो अगदीच टाकाऊ नाही. अमेरिकन न्यायमूर्ती होम्स यांनी १८९७ मध्ये एका भाषणात सांगितलं, की कायदा काय आहे ते कळून घ्यायचं असेल तर वाईट माणसाच्या नजरेने बघा, ज्याला बऱ्यावाईटाशी देणंघेणं नाही, फक्त आपल्याला काय भोगावं लागेल एवढ्याशीच आहे. त्या नजरेने मी स्वतःकडे बघते तेव्हा ऑस्टिन बऱ्यापैकी पास होतो. हेल्मेट मी हायवेला लागताना घालते, गावात नाही, कारण पोलीस हायवेला असतात. आयकराचं विवरणपत्र मी शेवटच्या तारखेच्या धाकाने भरते. यात मला फारशी लाज वाटत नाही, आणि यावर जास्त लिहिण्यासारखंही काही नाही.

अडचण जमिनीपाशी येते. मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलासारखाच जन्मतः हक्क, हे महाराष्ट्राने १९९४ मध्ये केलं, तेही तोवर लग्न न झालेल्या मुलींपुरतं. मग ९ सप्टेंबर २००५ पासून केंद्राने हिंदू उत्तराधिकार कायदाच बदलला. त्या तारखेला वडील हयात हवेत की नकोत यावर बरीच वर्षं उलटसुलट निकाल येत राहिले. ११ ऑगस्ट २०२० ला सर्वोच्च न्यायालयाने विनीता शर्मा खटल्यात सांगितलं, की हक्क जन्माचा आहे, वडील हयात असण्याची अट नाही. आता यात आज्ञा कुठे आहे? मुलींनो, वाटा घ्या, नाहीतर दंड, असं काही हा कायदा म्हणत नाही. तो फक्त हातात काहीतरी देतो. घेतलं तर घेतलं. नेमकं इथेच हार्ट या इंग्रज विधिशास्त्रज्ञाने १९६१ मध्ये ऑस्टिनला पकडलं: मृत्युपत्र करायचा, लग्न करायचा, करार करायचा अधिकार देणारे नियम धाक दाखवत नाहीत, मग ते कायदा नव्हेत काय? परीक्षेत हे मी चांगलं लिहिलं होतं.

माझ्या बाबतीत घडलं ते असं. वडील गेले, तलाठ्याकडे वारसनोंद झाली. सातबाऱ्यावर आईचं, दोन भावांचं, माझं आणि धाकट्या बहिणीचं नाव लागलं. साडेचार एकर, त्यातलं दीड एकर बागायत. पुढे एकदा भावाचा फोन आला, तेव्हा इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर तो म्हणाला, "ताई, तुला कधी सवड आहे?" कशासाठी, ते त्याने सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. मी तारीख दिली, येताना आधार कार्डाच्या झेरॉक्स आणि दोन ओळखदार आणायला सांगितले, आणि मसुदा माझ्याच टेबलावर तयार झाला.

ऑस्टिनच्या हिशेबाने आज्ञा व्हायला तीन गोष्टी लागतात. कोणाची तरी इच्छा, ती इच्छा कळवणं, आणि न ऐकल्यास काही वाईट घडवून आणण्याची ताकद व इरादा. माझ्या भावाने इच्छा कळवली नाही. धाक तर मुळीच घातला नाही. तो स्वभावाने गरीब आहे. म्हणजे दस्तातलं ते वाक्य माझ्यापुरतं खरं ठरतं. इतकी वर्षं मी याच जागी थांबून समाधान मानत आले.

पण ऑस्टिन जरा पुढे जातो. तो म्हणतो, शिक्षा मोठी असायला हवी असं नाही. अगदी किरकोळ वाईटाची अगदी किरकोळ शक्यता असली तरी आज्ञा ती आज्ञाच. हे वाचल्यावर मी स्वतःला एकच प्रश्न विचारला. त्या दिवशी फोनवर मी नुसतं "सध्या सवड नाही रे" एवढं म्हटलं असतं, तर काय होईल असं मला वाटत होतं? उत्तर लगेच आलं, म्हणजे ते तयारच होतं. भाऊ काही बोलला नसता. वहिनीचा "या ना ताई" म्हणतानाचा आवाज बदलला असता. आई भावाकडे राहते. तिला दवाखान्यात न्यायचं असलं की मला फोन येतो, तो येईनासा झाला असता, आणि मग मीच केला तर "आमचं आम्ही बघतो" ऐकावं लागलं असतं. भाऊबीजेला जायचं की नाही हा दर वर्षी विचार करावा लागला असता. आणि सगळ्यात जड म्हणजे गावात बोललं गेलं असतं: वकील झाली आणि पहिला दावा भावावर लावला. हे शेवटचं मला किती टोचलं असतं ते मला पक्कं ठाऊक आहे. बागायत जमिनीपेक्षा जास्त.

ऑस्टिन याला कायदा म्हणणार नाही. लोकमताचे, अब्रूचे, रीतीचे नियम तो वेगळ्या कप्प्यात टाकतो. तिथे आज्ञा देणारा ठरावीक माणूस नसतो, म्हणून ते खरे कायदे नव्हेत. असेल. पण आमच्या तालुक्यात कोणता नियम जास्त बिनचूक पाळला जातो, संसदेचा की हा? संसदेचा नियम पाळायला मुलीला अर्ज करावा लागतो, प्रसंगी दिवाणी कोर्टात वाटपाचा दावा लावावा लागतो, आणि तो दावा किती पिढ्या चालतो हे मी कोणाला सांगायला नको. दुसरा नियम पाळायला एका फोनवर तारीख द्यावी लागते.

एक बाजू मला बरेच दिवस सुटत नव्हती. दर वर्षी सुगी झाली की भाऊ ज्वारीचं पोतं आणि गुळाची ढेप आणून टाकतो. ते घरात आलं की मला भरून येतं, आणि ते खोटं नाही. ऑस्टिन म्हणतो, बक्षिसाच्या आशेने केलेली गोष्ट आज्ञा पाळून केलेली नव्हे. धाक म्हणजे फक्त वाईटाचा. त्याचा गुरू बेंथम मात्र बक्षिसालाही त्याच यादीत बसवायला तयार होता. मी आता बेंथमच्या बाजूची झाले आहे. ते पोतं प्रेमाचं आहे. पण ते एखाद्या वर्षी आलं नाही तर मी कारण शोधायला कुठे बघेन, हेही मला माहीत आहे. मग दस्तात मोबदला निरंक लिहिला तो खरा की खोटा? यावर मी स्वतःविरुद्ध निकाल देऊ शकत नाही. प्रेम होतं म्हणून सोडलं की सोडलं म्हणून प्रेम राहिलं, हे ठरवायला न सोडून बघावं लागलं असतं. ते मी बघितलं नाही.

इथे मला रखमाबाई आठवतात. लहानपणी लागलेलं लग्न, नांदायला जायला नकार, आणि १८८४ मध्ये नवऱ्याने, दादाजी भिकाजींनी, मुंबई हायकोर्टात लावलेला दावा. पहिल्यांदा न्यायमूर्ती पिन्ही यांनी दावा फेटाळला. अपिलात तो पुन्हा उभा राहिला, आणि १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी हुकूम दिला: नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने कैद. ऑस्टिनला याहून चोख उदाहरण सापडलं नसतं. सार्वभौम, आज्ञा, शिक्षा, सगळं एका कागदावर. रखमाबाईंनी तुरुंग पत्करायची तयारी दाखवली. पुढच्या वर्षी पैसे देऊन तडजोड झाली, त्या विलायतेला जाऊन डॉक्टर झाल्या आणि सुरत, राजकोटला त्यांनी वर्षानुवर्षं दवाखाने चालवले.

ही गोष्ट सांगताना आपण त्यांच्या धैर्यावर थांबतो, आणि थांबावंच. पण मी वकील म्हणून त्या हुकूमनाम्याकडे बघते तेव्हा वेगळंच दिसतं. त्यात आज्ञा देणाऱ्याचं नाव आहे, तारीख आहे, शिक्षेची मुदत आहे. सहा महिने म्हणजे सहा महिने. सातव्या महिन्यात दार उघडतं. अपील करता येतं, वर्तमानपत्रांत वाद घालता येतो, महाराणीपर्यंत दाद मागता येते. वहिनीच्या बदललेल्या आवाजाला मुदत नाही. "तिने भावाकडून वाटा घेतला" हे वाक्य बाईच्या तेराव्यालाही बोललं जातं. सरकारलाही हे कळतं, नाही असं नाही. जातपंचायती माणसं वाळीत टाकतात म्हणून महाराष्ट्राने २०१६ मध्ये सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा केला, तो २०१७ पासून लागू झाला. तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड. पण भावाच्या अबोल्यावर कलम नाही. नसावंही. घरात कोणी कोणाशी बोलायचं हे सरकारने ठरवू लागल्यावर काय उरेल?

आता दुसरा कागद, जो मी इतका वेळ टाळला.

सासरे गेल्यावर सासरच्या जमिनीला सगळे वारस लागले, आणि नवरा एकदा जेवताना म्हणाला, "तेवढं ते हक्कसोडीचं बघ." मी बघितलं. मोठ्या नणंदेची काहीच अडचण नव्हती. तिच्या सासरी आमच्यापेक्षा जास्त आहे. धाकटीची तशी गोष्ट नव्हती. तिचे यजमान सूतगिरणीत होते, गिरणी बंद पडली होती, सासरी जमीन अशी नाहीच. हे मला माहीत होतं. दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात तिचा नंबर आला. वेबकॅमसमोर बसून फोटो झाला, अंगठ्याच्या यंत्रावर अंगठा झाला. मग सही करताना तिने पेन उचललं आणि मला विचारलं, "वहिनी, इथंच ना?" मी बोट ठेवून जागा दाखवली. निबंधकांनी विचारलं, दस्त वाचला का, मान्य आहे का. तिने आधी माझ्याकडे बघितलं, मग "हो" म्हणाली.

मी तिला काही सांगितलं नव्हतं. तिला कोणी धमकावलं नव्हतं. माझ्या भावाने जेवढं केलं तेवढंच मी केलं, उलट तिचा चहा, बसचं भाडं, साडी, सगळं व्यवस्थित केलं. पण तिला जे वाटत होतं ते मला आतून ठाऊक होतं, कारण तेच मी दुसऱ्या टोकाला अनुभवलं होतं. माहीत असूनही बोट ठेवलं. याला काय म्हणायचं ते मी रोज ठरवते आणि रोज बदलते.

या गोष्टीवर आमच्याकडे एक तयार समजूत आहे: माहेरी सोडलं, सासरी मिळालं, फिटंफाट. मीही ती स्वतःला सांगितली. मग कागदावर मांडून बघितली, तर ती माझ्यापुरतीच बसते. मी सोडलं आणि मला, म्हणजे नवऱ्यामार्फत, मिळालं. धाकट्या नणंदेने सोडलं आणि तिला कुठून मिळालं? जिच्या सासरी जमीन आहे तिलाच हे फिटल्यासारखं वाटतं. जिला गरज सगळ्यात जास्त, तिच्याच खात्यात फक्त जावक दिसते. शिवाय नवऱ्याच्या नावावर आलेलं माझं कसं झालं, हा प्रश्न निराळा. तो मी अशिलांना विचारते, घरी विचारत नाही.

आणि सार्वभौम कोण, हे तर ऑस्टिनच्या व्याख्येने सापडतच नाही. माझा भाऊ? तो गावाला भितो. बहिणीला वाटा देणारा भाऊ म्हणून त्याला त्याच्याच मुलांनी बोल लावले असते. माझा नवरा? तो आपल्या आईच्या शब्दाबाहेर नव्हता. सासूबाईंनी स्वतः तरुणपणी अंगठा दिलेला. मी? मी एका दस्तात प्रजा आणि दुसऱ्यात हुकुमाचा अंमल करणारी, तेही त्याच तालुक्यात, त्याच खुर्च्यांवर. सवयीने ऐकणारे सगळे आहेत; ज्याचं ऐकायचं तो कोणाच्याच घरी राहत नाही. हार्टने विचारलं होतं, बंदूक रोखून पैसे मागणाऱ्याला आपण पैसे देतो तेव्हा देणं भाग पडतं, पण ते आपलं कर्तव्य असतं का? आमच्याकडे बंदूक कोणाच्या हातात दिसत नाही आणि हात मात्र सगळ्यांचे वर. दिसली असती तर निदान चिडता आलं असतं.

अलीकडे मी एक करते. हक्कसोडीला माणसं आली की भावांना चहाला पाठवते आणि बहिणींना एकट्यांना सांगते: जमीन किती, बाजारभावाने काय होते, सही केली की परत मिळत नाही, फेरफाराला हरकत घ्यायची मुदत पंधरा दिवस असते पण नोंदणी झालेल्या दस्तावर हरकत फारशी टिकत नाही. बहुतेक जणी ऐकून घेतात आणि सही करतात. "माहेर तुटतंय की, वकीलबाई," असं म्हणतात. एका म्हाताऱ्या बाईने माझं सगळं शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "तुमी घ्येतला का तुमचा?" मी नाही म्हटलं. "मग?" म्हणाली आणि पेन मागितलं. तिच्यापुढे माझी सगळी सनद फुकट होती. फी मात्र मी घेतली, हेही इथे नोंदवायला हवं. त्या दस्ताची घेतली, सगळ्याच दस्तांची घेते.

कधी वाटतं, हे दस्त करणं सोडून द्यावं. मग वाटतं, मी नाही केला तर शेजारचा करील, आणि तो भावांना चहाला पाठवणार नाही. हा युक्तिवाद जगातल्या सगळ्या हुकुमाच्या ताबेदारांनी वापरलेला आहे, हे मला कळतं. तरी दुसरा सुचलेला नाही. धाकट्या नणंदेला तिच्या मुलाच्या इंजिनिअरिंगची फी आम्ही दोन वर्षं भरली. तिने "उपकार झाले" म्हटलं, आणि मला तो शब्द ऐकवला नाही, कारण तिच्या वाट्याच्या उसाचा एका वर्षाचा पैसाही त्यापेक्षा जास्त होता.

आता माझ्या नावावर घर आहे, माझ्या कमाईचं. त्याचं मृत्युपत्र करायला घेतलं आहे. मुलगी पुण्याला नोकरी करते. तिला फोनवर सांगितलं तर म्हणाली, "मला नको गं आई, दादाला दे सगळं." हे ऐकून मला सुटल्यासारखं वाटलं, आणि मग त्या सुटल्यासारखं वाटण्याचीच भीती वाटली. तिला कोणी काही सांगितलेलं नाही. तिच्या पिढीला शेतात तर हक्क जन्मानेच आहे, तिला ते पुस्तकातून माहीत आहे, आणि तरी तिने तारीख न विचारता तारीख दिली.

मसुद्यात मी दोघांचा वाटा सारखा ठेवला आहे. मुलगा काही बोलला नाही. तो गरीब स्वभावाचा आहे, मामावर गेला आहे. पुढे तिला सोडायचंच असेल तर ती सोडेल, तिचा हक्क आहे. फक्त तो दस्त तिने बाहेरच्या वकिलाकडून करून घ्यावा, दादाच्या ओळखीच्या नाही, आणि सही करायला जाताना कोणालाही बरोबर नेऊ नये, एवढं मी तिला सांगितलं आहे. ती हसली. म्हणाली, "आई, तू फार विचार करतेस."